पुढचा नंबर बासष्ट

“पाचला खिडकी बंद होते, बाई. मग तुम्ही माझी सख्खी बहीण असला तरी मी काही करू शकत नाही,” रहांगडाले मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “द्या ओरिजिनल.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. शनिवार होता. पहिल्या फेरीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्या खोलीत माझ्या मागे कोणी उरलं नव्हतं. ज्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत होते, त्यांचं कार्यमुक्तीचं पत्र आदल्या दिवशी दुपारी हातात पडलं होतं, म्हणून मी सगळ्यांत शेवटी पोचले होते.

मॅडम माझं प्रतिज्ञापत्र वाचत होत्या.

“सहा वर्षांचा गॅप?”

“हो. बी.एस्सी., बी.एड. झालं. मग लग्न, मुलगी, नोकरी.”

“आणि आता पुन्हा पहिल्या वर्षाला. काहून जी?”

“दर वर्षी पोरांना या परीक्षेला बसवत होते. या वर्षी त्यांच्याबरोबर मीपण बसले.”

“पोरांचं काय झालं?”

“दोघांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.”

मॅडम चष्म्यावरून बघून हसल्या. “म्हणजे शिकवता चांगलं. द्या, द्या कागद.”

“एक फोन करते आणि देते.”

“घरी विचारायचं राहिलं का काही?”

“नंबर घ्यायचा राहिलाय,” मी म्हणाले आणि खिडकीपासून दोन पावलं मागे सरले.

हा नंबर काय ते इथे सांगायला हवं. माझे यजमान चंद्रहास भारंबे तेव्हा भुसावळ विभागात, एकेरी मार्गावरच्या सावरदरी नावाच्या छोट्या स्टेशनात स्टेशनमास्तर होते. एकेरी मार्गावर गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला विचारावं लागतं: लाइन क्लिअर? पुढची लाइन खरोखर मोकळी असेल तर तिथला मास्तर हो म्हणतो आणि आपल्याजवळच्या छापील यादीतला पुढचा दोन आकडी नंबर देतो. विचारणारा तो नंबर परत म्हणतो आणि वेळेसकट लिहून ठेवतो. देणारा आपल्या यादीत त्या नंबरावर रेघ मारतो. नंबर आल्याशिवाय गाडी हलत नाही. मनातला नंबर कोणी देत नाही. दिला तर नोकरी जाते.

लग्नानंतर महिनाभरानं यांनी घरासाठी तशीच एक यादी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवली. सुरुवातीला गंमत होती. “माहेरी चार दिवस जाऊ?” “लाइन क्लिअर. एकतीस.” मग सवय झाली. मोठा कुठलाही निर्णय असला की आधी विचारायचं, नंबर घ्यायचा, रेघ मारायची. भांडण झालं तरी ते यादीच्या आधी व्हायचं, नंतर नाही. यांचा या बाबतीतला काटेकोरपणा एवढा, की एकदा स्टेशनच्या यादीतला एक नंबर चुकून गाळला गेला तेव्हा यांनी स्वतःच स्वतःविरुद्ध रिपोर्ट लिहून वर पाठवला होता.

त्या आठवड्यात आमच्या घरी दोन निकाल लागले. सोमवारी यांचं नाव सेक्शन कंट्रोलरच्या यादीत आलं. म्हणजे भुसावळच्या कंट्रोल रूममध्ये बसून दीडशे किलोमीटरच्या गाड्या हलवायच्या. हे तिसऱ्या खेपेला पास झाले होते. वर्षभर आम्ही दोघांनी एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली अभ्यास केला होता. मधे रेवा, आमची चार वर्षांची मुलगी, दोघांच्या वह्यांवर रेघोट्या मारायची. आणि गुरुवारी माझं गोंदिया लागलं. यांनी त्या दुपारच्या मालगाडीच्या गार्डला हिरवं निशाण दाखवता दाखवता दुसऱ्या हातानं पेढा दिला होता. गार्ड चालत्या गाडीतून ओरडला, “कसला हो, मास्तर?” हे ओरडले, “बायको डॉक्टर होणार!” गाडी गेल्यावरही बराच वेळ निशाण हातात धरून प्लॅटफॉर्मवर उभे होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी अट घातली.

“दोघं जायचं. नाहीतर कोणीच नाही.”

“असं कसं?”

“असंच. माझ्यासाठी तुम्ही मागे राहिलात, हे मला साडेपाच वर्षं डोक्यात घेऊन फिरायचं नाही. तुम्ही भुसावळच्या जागेला संमतीचं पत्र पाठवा, मग मी कागद देईन.”

“आणि रेवा?”

“तेच तुम्हाला विचारतेय.”

“आई येईल भुसावळला,” हे म्हणाले. “मी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जाताना दारातूनच सांगितलं, “बोललो आईशी. येते म्हणाली.” मग माझ्या गोंदियाला निघण्यासाठी यादीतला अठरा दिला आणि त्यावर रेघ मारली. संमतीचं पत्र भुसावळच्या कार्मिक शाखेत शनिवारी पाचपर्यंत पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर नाव यादीतून कापलं जाणार होतं. हे म्हणाले, शनिवारी दुपारच्या आत पाठवतो. मी म्हणाले, मग कागद देण्याआधी फोन करून नंबर घेईन. निघताना पुढचा आकडा फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून घेतला: ६२.

आता मी स्टेशनचा नंबर फिरवला.

“सावरदरी.”

“मी बोलतेय. गोंदिया.”

“हां, बोला गोंदिया.” आवाज हसरा होता. “लागला का नंबर खिडकीवर?”

“कागद मागतायत. पत्र गेलं?”

“गेलं.”

“मग लाइन क्लिअर?”

“लाइन क्लिअर.”

“नंबर?”

पलीकडे पुढच्या स्टेशनाशी जोडलेल्या यंत्राची घंटी दोनदा वाजली.

“सत्तेचाळीस.”

“सत्तेचाळीस,” मी सवयीनं परत म्हटलं आणि फोन ठेवला.

माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी खिडकीशी आले, फाइल उघडली आणि वेळ लिहायला पेन्सिल काढली. आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात बासष्ट लिहिलेलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. मधल्या काळात आणखी कोणी नंबर वापरला असेल म्हणावं, तर त्या घरात दुसरं कोण होतं? हे विसरले म्हणावं, तर स्वतःविरुद्ध रिपोर्ट लिहिणारा माणूस विसरेल कसा?

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“नंबर चुकलाय.”

“रोल नंबर?”

“नाही. घरचा.”

मी पुन्हा फोन लावला.

“सावरदरी.”

“नंबर परत सांगा.”

“सत्तेचाळीस.”

“पुढचा नंबर बासष्ट आहे.”

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला.

“अहो.”

“मालगाडी सोडायचीय, हर्षला. दहा मिनिटांनी कर.”

फोन ठेवला गेला. चार वाजून एकोणीस मिनिटं.

ती दहा मिनिटं मी त्या खोलीत कशी काढली हे मला आजही मिनिटागणिक सांगता येईल. गाडी खरोखर होती. त्या बाबतीत ते खोटं बोलणार नाहीत. म्हणजे आता पॉइंट लागला असेल. आता सिग्नल पडला असेल. आता निशाण घेऊन बाहेर उभे असतील आणि वाघिणी मोजत असतील. रहांगडाले मॅडम शिक्क्याची शाई पुसत, मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “नवरा नाही म्हणतो का?”

“नाही. हो म्हणतोय.”

“मग?”

“तेच तर चुकलंय.”

मॅडमनी शाईचं डबडं बंद केलं. “माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत,” त्या म्हणाल्या, “नवरा हो म्हणतो म्हणून थांबलेली तुम्ही पहिली.”

साडेचारला फोन लागला.

“आता सांगा.”

“पत्र नाही पाठवलं.”

“का?”

“पाचनंतर नाव आपोआप कटतं. काही करावं लागत नाही. तू कागद दे.”

“आपलं काय ठरलं होतं?”

“ठरलं होतं ते लक्षात आहे माझ्या.”

“आणि आई? बोललो म्हणालात ना?”

“बोललो. बोअरला पाणी लागलं का, ते विचारलं.”

“आणि भुसावळचं?”

“ते नाही विचारलं.”

“म्हणजे येते म्हणाली हेसुद्धा खोटं?”

“काय विचारायचं, हर्षला? रेवाच्या वेळी ती इथे आली होती आणि चौथ्या दिवशी परत गेली. गाड्यांनी डोळ्याला डोळा लागत नाही म्हणाली. भुसावळला तर मिनिटाला गाडी. नाहीच म्हणणार ती. आणि मग तिला नाही म्हणावं लागलं म्हणून तिलाच वाईट वाटत राहणार. इथे आपल्या स्टेशनातल्या काशीनाथची बायको रेवाला बघते, क्वार्टर स्टेशनला लागून आहे. सगळं नीट होईल. तू दे कागद.”

“तुम्ही बारा वर्षांत पुढच्या स्टेशनला न विचारता एक तरी गाडी उभी करून ठेवलीत का?”

मी फाइल बंद केली.

“मी फाइल पिशवीत ठेवतेय,” मी म्हणाले.

“वेड्यासारखं करू नको! वीस-पंचवीस मिनिटं राहिलीत.”

“मग खरा नंबर द्या.”

“तो देता येत नाही.”

“का?”

“लाइन मोकळी नाही ना,” हे म्हणाले. आवाज फार खाली गेला होता.

मी फोन कापला आणि भालोदला लावला. सासूबाईंचा मोबाइल देवघरात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी असतो. दहा-बारा वेळा वाजल्याशिवाय त्या उचलत नाहीत.

“कोन?”

“आई, मी हर्षला. गोंदियाहून बोलतेय.”

“भरलं का नाव?”

“भरायचंय अजून. आई, एक विचारायचंय आणि वेळ थोडा आहे. यांना भुसावळला मोठी जागा मिळालीय. मी इथे शिकणार. रेवाला बघायला तुम्ही भुसावळला याल का राहायला?”

“हे कधी ठरलं?”

“ठरलं नाही. विचारतेय.”

“चंद्या परवा पंधरा मिनिटं बोलला माझ्याशी. बोअर, बोअर, बोअर. मी म्हटलं आज याले बोअरची एवढी काळजी काहून? हे होतं का पोटात!”

“त्यांना वाटलं तुम्ही नाही म्हणाल. गाड्यांचा आवाज—”

“ते तवा! तवा मले झोप यायची, म्हून मोडायची. आता कुठं येते? रातभर पंखा मोजत बसते. पंख्यापरीस गाड्या बऱ्या.” त्यांचा आवाज चढत चालला होता. “मले एक सांग पोरी, मी येईन का नाही येईन ते मले सोडून सगळ्याइले माहीत. मले इचारलं का कोनी?”

“मी विचारतेय ना, आई.”

“तू इचारते म्हून तर बोलते तुह्याशी. क्वार्टरले गच्ची हाय का?”

“असेल.”

“असेल नाही. पाहिजे. कुरडया कुठं घालू? आनि महिन्यातून चार दिस मी भालोदले येईन. त्यात कोनी आडवं यायचं नाही.”

“कोणी नाही येणार.”

“मग येते मी. तुमच्यात तो आकडा देतात ना? काय देऊ?”

मला रडू आणि हसू एकदमच आलं. “तुम्हाला वाटेल तो द्या.”

“अकरा. लिहून घे.”

“अकरा,” मी परत म्हटलं.

“आता त्याले फोन लावते.”

“आई, ते ड्युटीवर—”

“ड्युटीवर असू दे. मी त्याची माय हाय.” आणि फोन बंद.

चार वाजून अडतीस मिनिटं. मी सावरदरीला लावला. एंगेज. चार चाळीस, एंगेज. चार बेचाळीस, एंगेज. सासूबाई काय बोलत असतील ते मला शब्दागणिक ऐकू येत होतं. मधे एखादी गाडी आली तर? त्या फोन ठेवू देतील का? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि रहांगडाले मॅडमसुद्धा खुर्ची वळवून तिकडेच बघत होत्या.

“सासू?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“ॲडमिशन तुमची का सासूची?”

“आज तिघांची.”

त्यांनी माझ्यापुढे कोरा फॉर्म सरकवला. “तोवर हा तरी भरा. हात मोकळे नका ठेवू.”

मी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात सावरदरी स्टेशनचा नंबर लिहिला, मग खोडला, आणि भुसावळ एवढंच लिहून पुढची जागा रिकामी ठेवली.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी फोन वाजला.

“गोंदिया?”

“बोला.”

यांना धाप लागली होती. “पत्र खणातच होतं. सही राहिली होती फक्त. फोटो काढून कार्मिक शाखेच्या सोनार बाबूंना पाठवला. इथे रेंज नाही म्हणून पाण्याच्या टाकीवर चढलो. सोनार बाबूंचा उलट फोन आला, मिळालं म्हणाले. मी विचारलं, नाव नोंदवलं का? तर म्हणाले, मास्तर, नोंदवलं, आता खाली उतरा.”

“टाकीवर कशाला चढलात!”

“आई म्हणाली चढ.”

“आणखी काय म्हणाली?”

“ते घरी आल्यावर सांगतो. सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही.” मग त्यांनी श्वास घेतला आणि ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, “लाइन क्लिअर. बासष्ट.”

“बासष्ट.”

“वेळ चार एकोणपन्नास. लिहून घे.”

मी लिहिलं. फाइल खिडकीतून आत सरकवली. रहांगडाले मॅडमनी एकेक कागद अंगठ्यानं मोजून घेतला, शिक्के मारले आणि पावतीवर वेळ टाकली: चार पंचावन्न. पावती देताना त्यांनी ती क्षणभर धरून ठेवली.

“आला का घरचा नंबर?”

“आला.”

“बरोबर?”

“बरोबर.”

“मग पळा आता. होस्टेलची खोली साडेपाचपर्यंत देतात.”

त्या इमारतीच्या पायऱ्या मी धावत उतरले. एकोणतीस वर्षांची, पायात घरातल्याच चपला, हातात पावती. खाली दोन मुली बॅगा ओढत होत्या. मला बघून त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “गुड आफ्टरनून, मॅडम.” मी सांगितलं, मॅडम नाही, तुमच्याच वर्गात आहे. त्यांचा विश्वास बसेना. मी पावती दाखवली.

त्याला आता आठ वर्षं झाली. गोंदिया आणि भुसावळ एकाच मोठ्या मार्गावर आहेत. सुट्टीला घरी निघाले की बडनेऱ्याच्या पुढे माझी गाडी यांच्या ताब्यात यायची, आणि ती वेळेवर पोचली की सासूबाई म्हणायच्या, “आज बरा चालला हात.” त्या पहिली दोन वर्षं गच्चीवरून कंट्रोल ऑफिसवर आणि उरलेला वेळ रेवाच्या शाळेवर लक्ष ठेवून होत्या. दाराची यादी निघाली. तिच्या दोन प्रती झाल्या, एक भुसावळला, एक माझ्या फाइलमध्ये. आम्ही लांब राहत होतो म्हणून नंबर जपूनच वापरले जात. सासूबाईंना कधीही काहीही विचारलं तर त्या अकराच देत.

एम.बी.बी.एस. झाल्यावर बंधपत्राची नोकरी म्हणून मी देवरीच्या ग्रामीण रुग्णालयात होते, तेव्हा एका सकाळी यांचा फोन आला.

“देवरी?”

“बोला, भुसावळ.”

“ऑफिसरच्या परीक्षेचे फॉर्म निघालेत. पास झालो तर बदली कुठेही होईल. रेवाला विचारलं, ती म्हणाली चालेल, पण सायकल तिच्याबरोबर येणार. आईला विचारलं, अकरा. आता तुला विचारतोय.”

मी यादी काढली, रेघा मारलेल्या आकड्यांवरून बोट खाली नेलं आणि हसायला लागले.

“काय झालं?”

“काही नाही. लाइन क्लिअर. सत्तेचाळीस.”

“खरा आहे?” यांनी विचारलं.

“यादीत बघा.”

कागद उलगडल्याचा आवाज आला. “आहे,” ते म्हणाले. मग पुन्हा, “खरंच आहे की.”

“त्या दिवशी बासष्टच का नाही दिलात? मी कागद देऊन टाकले असते. मला कळलंसुद्धा नसतं.”

“दोन दिवस खोटं बोलत होतो, हर्षला. ते जमलं. बासष्टसुद्धा पाठ होता. पण तू विचारलंस आणि तो आकडा तोंडातून बाहेर येईना. मग समोरच्या रजिस्टरात दिसला तो दिला. चल, वेळ सांग. इकडच्या प्रतीवरही रेघ मारतो.”

मी घड्याळ बघितलं.

“आठ बावन्न. आणि ठेवा आता, ओपीडीला रांग लागलीय.”